सकाळचे अभंग, भाग दोन

‘सकाळचे अभंग, भाग दोन’ या यादीत एकही अभंग नव्हता. होत्या त्या सगळ्या लावण्या. काही बैठकीच्या, काही फडावरच्या, आणि काही अशा की त्यांचं ध्रुपद इथं लिहिलं तर हे पान मलाच घरात दडवून ठेवावं लागेल. यादी माझी होती. नावही मीच दिलं होतं. एवढं एक वाक्य वेळेवर बोललो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण वेळेवर बोलणं हे खातं माझ्याकडं कधीच नव्हतं.

मी जालन्यात एका सरकारी कचेरीत आहे. तिथं मला फायलींचा माणूस म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणतात की दयेनं, हे मी विचारलेलं नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा जाताजाता माझ्या फोनमध्ये गाण्यांचं ॲप टाकून गेली. त्यात प्रत्येक गाण्यापुढं एक बदाम असतो. तो दाबला की गाणं ‘आवडती’मध्ये जाऊन बसतं. पहिल्या आठवड्यात मी दिसेल त्या गाण्याला बदाम देत सुटलो, लग्नात अक्षता टाकाव्यात तसा. मग लक्षात आलं की सगळंच आवडतं झालं म्हणजे हवं ते एकही सापडत नाही. तेव्हा फायलींचा माणूस जागा झाला. याद्या पाडल्या: ‘जेवल्यावर’, ‘लाइट गेल्यावर’, ‘साहेब रजेवर असताना’, ‘उदास, साधं’ आणि ‘उदास, जालीम’. या शेवटच्या दोहोंत एखादं गाणं कुठं घालावं यावर मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. सरकारचा पगार घेऊन.

राहिल्या लावण्या.

त्यांचं दुखणं जुनं आहे. आमचं गाव जाफराबाद तालुक्यात. वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, भजनी मंडळात पुढची जागा. लहानपणी जत्रेला गेलो की तमाशाच्या तंबूची कनातसुद्धा पोरांना दिसू नये म्हणून आबा बैलगाडी मुद्दाम ओढ्याच्या वाटेनं वळवायचे. गाडी वळायची, ढोलकी वळत नव्हती. ती मागून यायची, थेट गाडीत चढायची आणि माझ्या मांडीवर बसायची. तेव्हापासून मी ती तशीच मांडीवर घेऊन, तोंड मिटून बसलो आहे. वरातीत पोरं नाचतात तेव्हा मी सगळ्यांच्या चपला सांभाळतो. ‘किती गंभीर माणूस,’ असं लोक म्हणतात. मी म्हणू देतो.

आता ॲपचं एक लफडं समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आमच्या घरात खातं एकच, फोन चार: माझा, बायकोचा, मुलीचा आणि गावाकडं आबांचा. एका वेळी एकालाच ऐकता येतं. दुसऱ्यानं गाणं लावलं की पहिल्याचं आपोआप थांबतं आणि पडद्यावर येतं की अमक्याच्या फोनवर अमकं गाणं चालू आहे. याद्याही सगळ्यांना सगळ्यांच्या दिसतात. म्हणजे लावण्यांच्या यादीला ‘लावण्या’ असं नाव दिलं असतं तर ते बायकोलाही दिसलं असतं आणि मुलीलाही.

कचेरीत एक जुनी युक्ती आहे. जो कागद कुणी उघडू नये असं वाटतं, तो सगळ्यात कंटाळवाण्या नावाच्या फायलीत घालायचा. आबांसाठी मी ‘सकाळचे अभंग, भाग एक’ अशी यादी आधीच केली होती, आणि ती खरीखुरी अभंगांची होती. तिच्या खाली मी ‘भाग दोन’ उघडली आणि माझा सगळा माल तिच्यात भरला. बायको सकाळी बातम्या लावते, मुलगी सकाळ बघतच नाही. कोण उघडणार होतं?

कंटाळवाणं नाव माणसागणिक बदलतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जे मला अडगळ वाटलं ते आबांना श्रीखंड होतं.

आबांना फोन मीच शिकवला होता. त्याआधी मारुतीच्या देवळातला भोंगा पेनड्राइव्हवर चालायचा. जाफराबादेत मोबाइलच्या दुकानात जाऊन अभंग भरून आणायचे. दुकानदारानं दर अभंगाच्या मध्ये स्वतःचा आवाज घुसवला होता. ‘विठ्ठल विठ्ठल’ संपतंय न संपतंय तोच, ‘सर्व प्रकारचे कव्हर, चार्जर, हेडफोन योग्य दरात!’ गावाची पहाट त्यानं व्हायची. पोरांना अभंगापेक्षा ते जास्त पाठ. मग मी आबांच्या फोनवर ॲप घातलं, देवळातल्या मशीनला ब्लूटूथनं जोडून दिलं. जाहिरात गेली, आबांचा भाव वाढला. मशीन लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली आबांच्या करदोड्याला. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, कपाट उघडायचं, अभंग लावायचे, फोन आतच ठेवून कुलूप घालायचं आणि गोठ्यात धारा काढायला जायचं. गावाला उठवणारा माणूस, ही आबांची म्हातारपणाची पदवी होती. मंडळात पखवाज वाजवणारे मामा (मामा म्हणजे गावाचेच मामा, माझे नव्हेत) त्या किल्लीकडं सासूनं सुनेच्या पाटल्यांकडं बघावं तसं बघायचे.

एका एकादशीच्या पहाटे मी जालन्यात मोती तलावाकडं फिरायला गेलो होतो, कानात नळ्या घालून. ‘उदास, साधं’ चालू होतं. मध्येच गाणं थांबलं. पडद्यावर आलं: आबांचा फोन. आणि खाली गाण्याचं नाव.

नाव वाचून मी रस्त्यात थांबलो. मागून चालणारे एक गृहस्थ माझ्यावर आदळले. माझ्या भाग दोनमधली पहिलीच लावणी होती ती. त्यातही नमुना.

मला काय वाटलं, ते खरं सांगतो. मला वाटलं, आबा गोठ्यात एकटे बसून गुपचूप ऐकत आहेत. भोंगा माझ्या डोक्यातच आला नाही. सत्तरीच्या पुढचा बाप, गळ्यात माळ, आणि त्या माळेमागं आयुष्यभर हीच ढोलकी दडलेली! मला इतका आनंद झाला की मी तलावाच्या कठड्यावर बसलो. माझा अंगठा पडद्यावर होता. माझं गाणं परत चालू केलं असतं तर आबांचं तिथल्या तिथं बंद पडलं असतं. ॲप तसंच आहे. मी अंगठा उचलला. म्हटलं, ऐकू दे म्हाताऱ्याला. पहिली लावणी संपली, दुसरी लागली. मी कठड्यावर बसून नावं वाचत होतो आणि एकटाच हसत होतो. बापासाठी एवढी माया मला त्याआधी कधी दाटून आली नव्हती.

घरी पोचलो तर आईचा फोन.

“तुझ्या बापानं गावात तोंड काळं केलं.”

मग कळलं. भाग एक नेहमीचा झाला म्हणून आबांनी एकादशीसाठी भाग दोन लावला होता. लावला, कपाटाला कुलूप घातलं आणि गेले मळ्यातल्या गोठ्यात. काकड्याला आलेल्या बाया हातात निरांजनं घेऊन देवळात उभ्या, आणि वरून भोंगा विचारतोय की राया, कधी येणार. किल्ली आबांच्या कमरेला. कपाट उघडेना. माणसं मळ्याकडं पळाली, पण आबांना यायला उशीर झाला. शेवटी पखवाजमामा शिडी लावून वर चढले आणि भोंग्याची वायर उपटली. आबा दुधाची बादली हातात घेऊनच आले. लोकांनी विचारलं, ह्ये काय आबा? आबा एवढंच म्हणाले, “माझ्या हातून झालं.” आणि करदोड्याची किल्ली सोडून मारुतीपुढं ठेवली.

“गिरणीत दळण घेऊन गेल्ते,” आई सांगत होती, “तर बाया इचारतात, काय वं, आबा घरी बी ह्येच लावून राह्यले का? मी मेले का न्हाई तिथं?”

मी म्हणालो, “हो का.”

एवढंच. ‘हो का.’ तोंडातून तिसरा शब्द निघाला नाही. ज्या माणसानं गठ्ठे करून नावं दिली, अंगठा उचलून गाणी वाजू दिली, तो माणूस ‘हो का’ म्हणाला आणि फोन ठेवून अंघोळीला गेला. मग कचेरीत जाऊन पहिलं काम काय केलं, तर भाग दोनचं नाव बदलून ‘कचेरी, जुनं’ असं केलं. पुरावा नष्ट.

पुढचे बरेच दिवस आबा देवळात गेले नाहीत. पहाटे उठायचे, अंघोळ करायचे आणि बाजेवर बसून राहायचे, हे आई सांगायची. किल्ली पखवाजमामांकडं गेली. फोन चालवणं त्यांना जमेना, म्हणून पेनड्राइव्ह परत आला. ‘सर्व प्रकारचे कव्हर, चार्जर, हेडफोन!’ गाव पुन्हा योग्य दरात उठू लागलं. मंडळाच्या शनिवारच्या भजनालाही आबा जाईनात. मी दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचो, “तब्येत कशी आहे?” तब्येतीला काय झालं होतं! तब्येत माझ्याकडं ‘कचेरी, जुनं’मध्ये पडली होती.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, “अहो, तुम्ही आबांना कधी सांगणार?”

“काय?”

“भाग दोनचं.”

घास तसाच राहिला. “तुला माहीत होतं?”

“भांडी घासताना मी तेच लावते. बातम्यांनी भांडी निघत नाहीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“इतक्या वर्षांत तुमच्याकडं लपवण्यासारखं काहीतरी निघालं, म्हणून जरा बरं वाटलं.” तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. “पण म्हाताऱ्या माणसाला असं बाजेवर बसवून ठेवणं काही बरोबर नाही. शनिवारी गावाला जा. आणि तिथं जाऊन ‘हो का’ म्हणू नका.”

शनिवारी राजूरपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं, गुडघे छातीला लावून गेलो. वाटेत भाषण तयार केलं. ते चांगलं होतं; त्यात ‘संस्कृती’ हा शब्द दोनदा होता.

घरी न जाता थेट देवळात गेलो. सभामंडपात मंडळ जमलं होतं, टाळ काढून झाले होते, पखवाजमामा कणीक लावून पखवाज जुळवत होते. मला बघून सगळ्यांनी सरकून जागा केली. मी बसलो नाही. भाषण विसरलो.

“ती गाणी माझी होती,” मी म्हणालो. “आबांना काही माहीत नव्हतं. यादी मी केली. नाव खोटं मी दिलं.”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “वा रं पठ्ठ्या.”

“बघा,” मामा मंडळाकडं वळून म्हणाले, “बापाचं किटाळ सोताच्या अंगावर घेऊन राह्यला. आजकाल कोण करतं? पोरगं असावं तर असं.”

“मामा, खरंच सांगतोय. माझीच आहेत.”

“आरं बस. तू? तू वरातीत पायताणं राखतो. तुला डीजेवाल्यानं हात धरून ओढलं तं तू रडायच्या घाईला आल्ता.”

“फोनमध्ये दाखवतो.” मी यादी काढून दाखवली.

मामांनी चष्मा वर करून पाहिलं. “हितं तं ‘कचेरी, जुनं’ लिव्हलंय.”

“ते मी नंतर बदललं.”

“बराबर. बापासाठी माणूस कायबी बदलंल.” आणि कुणाला तरी हाक मारून म्हणाले, “सायबाला च्या सांगा रं.”

चहा आला. मी गुन्हा कबूल करायला आलो होतो आणि श्रावणबाळ होऊन, हातात कप धरून उभा होतो. आबांची अब्रू होती तिथंच, उलट आता त्यांना पोरगं खोटं बोलून वाचवायला आलं, ही आणखी एक भर. कचेरीत मी खोटी कागदपत्रं पुष्कळ पाहिली. ती पटकन मंजूर होतात. खऱ्याला पुरावा लागतो.

“कसं सांगू म्हणजे पटेल?” मी विचारलं.

मामांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी पखवाज मांडीवर नीट घेतला. “तुहं हाय ना? मंग पाठ बी असंल.” आणि त्यांनी डाव्या हातानं एक तोडा काढला, थेट फडावरचा. ज्या हातांनी मी जन्मभर फक्त भजनाचा ठेका ऐकला होता, त्या हातांत ही चाल कुठून आली, हे विचारायची ती वेळ नव्हती. “पहिली वाजली ती. घे. देवाकडं पाठ करून घे, म्हंजी झालं.”

मी देवाकडं पाठ केली. घसा खाकरला. आणि घेतली.

पहिली ओळ मेल्यासारखी निघाली. दुसऱ्या ओळीला ठेका पायात शिरला. ध्रुपदावर आलो तेव्हा माझा उजवा हात, मला न विचारता, कमरेवर गेला होता आणि डावा पदर धरल्यासारखा हवेत उभा होता. मी अंतरे सगळे म्हटले. जिथं बाई खाकरते तिथं खाकरलो. एकाही शब्दाला अडखळलो नाही. मामा वाजवत होते आणि त्यांची मान हलत होती, आणि टाळकऱ्यांपैकी एकानं तर नकळत टाळ धरला.

संपलं. मग मागचा तोच म्हातारा म्हणाला, “न्हाई बाबा. ह्ये ह्याचंच हाय.”

मंडप हसून पडला. मामा डोळे पुसत म्हणाले, “पुरावा भक्कम हाय.” आणि मग त्यांचं लक्ष माझ्यासमोर गेलं. माझंही गेलं. भजनासाठी लावलेला माईक. त्याच्यावर लाल दिवा.

सगळं गाव ऐकत होतं.

देवळाच्या दारात आबा उभे होते. अनवाणी. घरून तसेच उठून आलेले. आबांनी आधी मला पाहिलं, मग माईकला, मग मामांना.

“ह्ये मशीन कोण बंद करनार?” आबा म्हणाले. “का मी करू?”

मामांनी कमरेची किल्ली काढली. थोडा वेळ हातात धरली, मग पुढं केली. “तुमीच करा आबा. आमाला ते पेनड्राइव्ह बी पाठ झालं आता.”

आबांनी किल्ली घेतली, कपाट उघडलं, खटका पाडला. कुलूप घालून किल्ली करदोड्याला बांधली, दोन गाठी मारून. माझ्याकडं न बघता म्हणाले, “येवढ्या वरच्या पट्टीत घेऊ न्हाई. शेवटाला फाटला.”

घरी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण आबांना पुन्हा नीट वाढत होती. तिचा हिशोब तिच्यापुरता सरळ झाला होता.

एक गोष्ट मात्र मी मंडळात सांगितली नव्हती. अंगठ्याची. रविवारी पहाटे आबांच्या मागं गोठ्यात गेलो. देवळातून भाग एक चालू होता, लांबून नीट ऐकू येत होता. आबा म्हशीखाली बसले होते.

“आबा, त्या दिवशी ते मला जालन्यात दिसत होतं. तुमच्या फोनवर काय चालू आहे ते.”

“दिसतं का?”

“दिसतं. आणि मला तिथून बंद करता येत होतं. नुसतं बोट लावायचं होतं.”

धारेचा आवाज थांबला नाही. “मंग केलं का न्हाई?”

“वाटलं, तुम्हीच एकटे ऐकून राह्यलात. बरं वाटलं मला. म्हणून चालू दिलं.”

बादलीत फेस वर आला होता. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, जणू साक्ष द्यायला तीच पुढं होणार होती.

“ही लई पान्हा चोरती,” आबा म्हणाले. “अभंगाला तं रोजच चोरती. त्या दिशी न्हाई चोरला.”

मी म्हशीकडं पाहिलं.

“भोंगा हितवर ऐकू येतोच की. मला पहिल्या ओळीलाच कळलं, काय लागलंय ते.” त्यांनी बादली बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात टेकून उठले. “पळत गेल्तो मी. पण पहिलं गानं सरल्यावर.”